बोवी सुरी : इतिहास कसा तपासावा आणि पाते कसे हाताळावे

बोवी सुरी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच रूप येते: नऊ-दहा इंचांचे रुंद पाते, टोकाजवळ पाठीतून कमानीसारखा कापून काढलेला भाग, पितळेची आडवी परज (हात पात्यावर घसरू नये म्हणून मूठ आणि पाते यांच्यामध्ये बसवलेली पट्टी) आणि लाकडाची किंवा शिंगाची मूठ. ज्या सुरीमुळे हे नाव रूढ झाले तिचे वर्णन तिच्या मालकाच्या, म्हणजे जेम्स बोवी यांच्या, सख्ख्या भावाने लिहून ठेवले आहे आणि ते या रूपाशी जुळत नाही. त्यामुळे हा विषय शिकू पाहणाऱ्याने कथा पाठ करण्यापेक्षा पुरावा तोलण्याची सवय आधी लावून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. समोर आलेली गोष्ट असो की पाते, ते कोणत्या वर्षाचे, कोणी बनवलेले आणि कोणत्या कामासाठी, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुढील पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत: आधी इतिहास, मग जुन्या सुऱ्यांची पारख, आणि शेवटी आजची सुरी निवडणे, वापरणे व सांभाळणे.

पहिली पायरी : अवयव ओळखणे

वर्णने वाचताना अडखळायला होऊ नये म्हणून सुरीचे भाग आधी समजून घ्यावेत. धारेच्या विरुद्ध बाजूला पाठ असते. पाठीचा टोकाजवळचा भाग सरळ किंवा आत वळलेल्या रेषेत छाटलेला असेल, तर त्या रचनेला क्लिप पॉइंट म्हणतात. तसे न करता पाठ आणि धार दोन्ही सारख्या वळणाने टोकाशी मिळत असतील, तर तो भाल्यासारखा स्पिअर पॉइंट होय. क्लिपच्या कडेला कधी कधी उतार देऊन ती पातळ केलेली असते. ती खोटी धार होय, आणि काही सुऱ्यांत तिला खरीखुरी धारही लावलेली असते. परजेच्या लगेच पुढे पात्याचा जो बोथट, चौकोनी भाग असतो तो रिकासो. पात्याचा मुठीच्या आत जाणारा भाग म्हणजे टँग, आणि सुरी किती मार सोसेल हे बरेचसे या न दिसणाऱ्या भागावर ठरते. काही जुन्या अमेरिकी सुऱ्यांची मूठ शवपेटीच्या आकाराची, म्हणजे मध्ये फुगीर आणि मागे निमुळती असते. हा आकार लक्षात ठेवावा, कारण आर्कान्सासच्या कारागिरांची चर्चा निघते तेव्हा तो पुन्हा भेटतो.

अमेरिकेत गेलात तर हे आडनाव ‘बूई’ असे उच्चारलेले ऐकू येईल. मराठीत ‘बोवी’ रुळले आहे, म्हणून येथे तेच ठेवले आहे.

दुसरी पायरी : १८२७ ची घटना आणि तिचे साक्षीदार

जेम्स बोवी यांचा जन्म १७९६ मध्ये केंटकीत झाला आणि त्यांचे तरुणपण लुईझियानात गेले. जमिनींचे व्यवहार आणि गुलामांची चोरटी आयात-विक्री यांतून जेम्स आणि त्यांच्या भावांनी पैसा उभा केला, ही बाब दंतकथांत बहुधा गाळली जाते. अभ्यासकाने ती गाळू नये. लुईझियानातील रॅपिड्स पॅरिशचे (तिथे जिल्ह्याला पॅरिश म्हणतात) शेरीफ नॉरिस राइट यांच्याशी जेम्स यांचे वैर होते आणि एका चकमकीत राइट यांनी त्यांच्यावर गोळी झाडली होती.

१९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीच्या पात्रातील वाळूच्या पट्ट्यावर, लुईझियानातील विडालिया आणि पलीकडच्या काठावरील नॅचेझ यांच्या जवळ, सॅम्युएल वेल्स आणि डॉक्टर थॉमस मॅडॉक्स यांचे द्वंद्व ठरले होते. दोघांनी दोन-दोन गोळ्या झाडल्या, कोणालाही इजा झाली नाही आणि दोघांनी हस्तांदोलन करून प्रकरण मिटवले. त्यानंतर मात्र त्यांच्यासोबत आलेली माणसे एकमेकांवर तुटून पडली. बोवी गोळ्या लागून जबर जखमी झाले, राइट यांनी त्यांना गुप्तीने भोसकले, आणि तशा अवस्थेत बोवी यांनी राइट यांना खाली ओढून आपल्या सुरीने ठार केले. सॅम्युएल क्यूनी हेही या झटापटीत दगावले. वृत्तपत्रांनी ही हकिकत देशभर पोहोचवली आणि जखमांतून वाचलेल्या बोवींची कीर्ती त्यांच्या हत्याराला चिकटली.

ती सुरी कशी होती, हे विचारताना साक्षींच्या तारखा पाहाव्यात. प्रत्यक्षदर्शीच्या वर्णनात ती केवळ ‘मोठी खाटकाची सुरी’ आहे. जेम्स यांचे थोरले बंधू रेझिन बोवी यांनी २४ ऑगस्ट १८३८ रोजी वृत्तपत्राला लिहिलेले पत्र हा सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज होय. त्यात ते सांगतात की पहिली सुरी आपण स्वतः ॲव्हॉयेल्स पॅरिशमध्ये केवळ शिकारीसाठी बनवली. पाते सव्वानऊ इंच लांब आणि दीड इंच रुंद, एकाच बाजूला धार असलेले आणि वळण नसलेले होते. जेम्स यांच्यावर गोळीबार झाल्यावर पुन्हा हल्ला होईल या भीतीने स्वरक्षणासाठी आपण ती त्यांना दिली, आणि पुढे अनुभवी कारागिरांनी तिच्यात ज्या सुधारणा केल्या त्यांच्याशी आपला संबंध नाही, असेही ते स्पष्ट करतात. बोवी कुटुंबाच्या परंपरेनुसार प्रत्यक्ष घडणावळ जेसी क्लिफ्ट या लोहाराची होती. म्हणजे क्लिप नाही, परजेचा उल्लेख नाही; आजच्या स्वयंपाकघरातील लांब सुरीला ती अधिक जवळची होती.

दुसरी परंपरा आर्कान्सासमधील वॉशिंग्टन या गावच्या जेम्स ब्लॅक या लोहाराकडे बोट दाखवते. बोवी यांनी लाकडी नमुना आणून सुरी घडवून मागितली, आणि ब्लॅक यांनी नमुन्याबरहुकूम एक आणि स्वतःच्या कल्पनेने दुसरी अशा दोन सुऱ्या पुढे ठेवल्या, असे सांगतात. ब्लॅक यांची दृष्टी पुढे गेली आणि उतारवय त्यांनी एका डॉक्टरांच्या कुटुंबात काढले. त्या घरचे चिरंजीव डॅनिएल वेब्स्टर जोन्स नंतर आर्कान्सासचे गव्हर्नर झाले आणि त्यांच्याच आठवणींतून ही कथा विस्ताराने आली. पोलादाला पाणी देण्याचे आपले गुपित सांगायला सत्तरीतले ब्लॅक बसले, पण त्यांना काहीच आठवेना, हा त्या आठवणींतील प्रसंग मन हेलावून टाकतो. तरीही अनेक दशकांनंतर लिहिलेली आठवण आणि १८३८ चे स्वाक्षरीचे पत्र यांचे वजन सारखे मानता येत नाही. दोन्ही कथा शेजारी ठेवाव्यात. ब्लॅक यांची कारागिरी खरी असू शकते आणि तरीही वाळूच्या पट्ट्यावरची सुरी त्यांची नसू शकते, कारण त्यांची कथा त्या घटनेनंतरच्या काळातली आहे.

जेम्स बोवी ६ मार्च १८३६ रोजी टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे ॲलामो या गढीच्या वेढ्यात, आजाराने अंथरुणाला खिळलेले असताना मारले गेले. त्यांच्या जवळची सुरी कोणाच्या हाती लागली याचा खात्रीचा माग नाही. ‘हीच ती सुरी’ असा दावा करणारी कोणतीही वस्तू दिसली, तर प्रथम तिच्या मालकीची अखंड साखळी मागावी.

तिसरी पायरी : कायदे आणि वृत्तपत्रे वाचणे

सुरी किती पसरली आणि लोक तिला किती घाबरले, हे कायद्यांतून जितके स्वच्छ दिसते तितके आठवणींतून दिसत नाही. त्या काळातील पिस्तूल एकाच गोळीचे असे, ते ओलसर हवेत दगा देई आणि पुन्हा भरायला वेळ लागे. म्हणून कमरेची सुरी हा खात्रीचा आधार वाटे. अलाबामाने १८३७ मध्ये अशा प्रत्येक सुरीच्या विक्रीवर १०० डॉलरचा कर बसवला, आणि तिच्या वाराने माणूस मेल्यास तो खूनच धरला जाईल असे ठरवले. टेनेसीने लगोलग विक्रीवरच बंदी घातली. ४ डिसेंबर १८३७ रोजी तर आर्कान्सासच्या प्रतिनिधिगृहात, भर सभागृहात, अध्यक्ष जॉन विल्सन यांनी प्रतिनिधी जोसेफ अँथनी यांना बोवी सुरीने ठार मारले. या कायद्यांत ‘बोवी नाइफ’ आणि ‘आर्कान्सास टूथपिक’ ही नावे जोडीने येतात. आज दुसरे नाव लांब, दुधारी कट्यारीसाठी राखून ठेवतात, पण त्या काळी लोक दोन्ही शब्द सैलपणे वापरत. म्हणून जुन्या बातमीत नाव दिसले की आकारही ठरला, असे समजू नये.

गुलामगिरीच्या प्रश्नावरून देश पेटत गेला तशी ही सुरी त्या राजकारणातही शिरली. केंटकीतील गुलामगिरीविरोधी नेते कॅशियस क्ले यांच्यावर १८४३ मध्ये गोळी झाडली गेली. ती त्यांच्या सुरीच्या म्यानात अडकली आणि त्यांनी त्याच सुरीने हल्लेखोराला जायबंदी केले. गुलामगिरीविरोधी बंडखोर जॉन ब्राउन यांनी कनेटिकटमध्ये जे सुमारे हजार भाले बनवायला सांगितले, त्यांची पाती एका जप्त केलेल्या बोवी सुरीच्या नमुन्यावर होती. १८६० मध्ये व्हर्जिनियाचे काँग्रेस सदस्य रॉजर प्रायर यांनी विस्कॉन्सिनचे सदस्य जॉन पॉटर यांना द्वंद्वाचे आव्हान दिले, तेव्हा पॉटर यांनी शस्त्र म्हणून बोवी सुरी निवडली आणि प्रायर यांच्या बाजूने ती रानटी म्हणून नाकारली गेली. यादवी युद्धात दक्षिणेच्या सैनिकांनी गावच्या लोहाराकडून, हाताभोवती इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखी परज असलेल्या प्रचंड सुऱ्या घडवून घेतल्या. लांबच्या कूचमध्ये त्यांचे ओझेच झाले आणि पुष्कळांनी त्या टाकून दिल्या. पुढे रिव्हॉल्व्हर स्वस्त आणि विश्वासार्ह झाले तसे या सुरीचे शस्त्र म्हणून महत्त्व ओसरले आणि शिकारीची व मुक्कामाची सुरी म्हणून ती उरली.

चौथी पायरी : शेफील्डचा अभ्यास

बोवी सुरीचा इतिहास फक्त टेक्सास-लुईझियानात शोधणाऱ्याला अर्धाच इतिहास सापडतो. १८३० च्या दशकापासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या बोवी सुऱ्यांचा फार मोठा भाग इंग्लंडमधील शेफील्ड या पोलादाच्या शहरात तयार होत असे. जॉर्ज वोस्टेनहोम यांची ‘आयएक्सएल’ छापाची पेढी आणि जोसेफ रॉजर्स अँड सन्स ही त्यांतली मोठी नावे. वोस्टेनहोम यांनी अमेरिकेच्या अनेक वाऱ्या केल्या, तिथली आवड पारखली आणि १८४८ मध्ये घेतलेल्या आपल्या कारखान्याला ‘वॉशिंग्टन वर्क्स’ हे नाव दिले.

ग्राहक कोण आहे हे शेफील्डला नेमके ठाऊक होते. पात्यांवर आम्लाने कोरलेल्या मजकुरात स्वरक्षणाची, शिकारीची आणि देशभक्तीची वाक्ये असत. सोन्याच्या शोधात लोक कॅलिफोर्नियाकडे धावले तेव्हा त्या प्रदेशाचे नाव पात्यांवर आले. गुलामगिरी संपवू पाहणाऱ्यांना मृत्यू चिंतणारे मजकूरही कोरले गेले. जर्मन सिल्व्हर या तांबे, जस्त आणि निकेलच्या मिश्रधातूची नक्षीदार बोंडे मुठीला लावली जात. त्यांतले अर्धा घोडा आणि अर्धी सुसर असे बोंड संग्राहकांत विशेष प्रसिद्ध आहे. पाहण्यासारखी गोष्ट अशी की यांतील पुष्कळ पाती क्लिपची नसून स्पिअर पॉइंटची आहेत. म्यानेही बहुतेकदा जाड चामड्याची नसत. पुठ्ठ्यावर पातळ रंगीत चामडे चढवून तोंडाला आणि टोकाला धातूच्या टोप्या बसवलेल्या असत, म्हणूनच मूळ म्यानासह टिकलेली सुरी दुर्मीळ आणि महाग असते.

या झगमगाटामागे धार काढणारे कामगार होते. कोरड्या दगडावर पाते घासताना उडणारी दगडाची आणि लोखंडाची धूळ त्यांच्या फुप्फुसांत साचे आणि त्यांतले कितीतरी ऐन उमेदीत दम्यासारख्या विकाराने मरत. सुरीचे कौतुक करताना ही माणसे लक्षात राहिली पाहिजेत.

पाचवी पायरी : शिक्क्यावरून काळ ठरवणे

जुन्या सुरीची पारख करताना मजकुराआधी शिक्का वाचावा. रिकासोवर मुकुटाच्या दोन बाजूंना ‘डब्ल्यू’ आणि ‘आर’ ही अक्षरे असतील, तर ती राजा चौथा विल्यम यांच्या, म्हणजे १८३० ते १८३७ या काळाकडे निर्देश करतात. ‘व्ही’ आणि ‘आर’ असतील तर राणी व्हिक्टोरियाच्या, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळाकडे. ‘वॉशिंग्टन वर्क्स’ असा शिक्का असलेली सुरी १८४८ च्या आधीची असू शकत नाही. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे बंधनकारक झाले. त्यामुळे ‘इंग्लंड’ हा शब्द असलेली सुरी सामान्यतः १८९१ नंतरची धरावी. आणि ‘स्टेनलेस’ हा शब्द दिसला, तर ती सुरी हॅरी ब्रिअरली यांच्या १९१३ च्या शोधानंतरचीच आहे, मग विक्रेता काहीही सांगो.

मात्र शिक्का खोटाही मारता येतो. म्हणून शिक्क्यानंतर झीज पाहावी. खऱ्या जुन्या सुरीत हाताळणीची झीज जिथे बोटे टेकतात तिथे असते, गंजाचे डाग अनियमित असतात, आणि मूठ व परज यांच्या सांध्यात दीर्घकाळचा मळ असतो. सगळीकडे सारखा काळपटपणा, खोल खड्डे पडलेल्या पात्यावर अगदी स्वच्छ कोरीव मजकूर, किंवा धारेचा आकार अजिबात न बदललेला असणे, ही संशयाची कारणे होत. आम्लाच्या कोरीव कामाच्या कडा भिंगाखाली किंचित मऊ दिसतात. लेसरच्या कडा एकसारख्या दिसतात. भिंग, फूटपट्टी आणि वही एवढे साहित्य पुरेसे आहे. पाते मात्र कधीही घासून चकचकीत करू नये. त्या एका कृतीने वस्तूची किंमत आणि तिच्यावरचा पुरावा दोन्ही जातात.

डोळा तयार होतो तो अस्सल वस्तू पाहूनच. आर्कान्सासची राजधानी लिटल रॉक येथील हिस्टॉरिक आर्कान्सास म्युझियममध्ये शवपेटीच्या आकाराच्या मुठीची ‘बोवी नंबर वन’ म्हणून ओळखली जाणारी सुरी आहे. रेझिन बोवी यांनी बॅटन रूज येथील डॅनिएल सर्ल्स यांच्याकडून भेट देण्यासाठी बनवून घेतलेल्या सुरीचा नमुना ॲलामोच्या संग्रहात आहे; तिच्याकडे पाहिले की रेझिन यांच्या पत्रातील सरळ, अरुंद पाते डोळ्यांपुढे उभे राहते. शेफील्डमधील केल्हॅम आयलंड म्युझियममध्ये हॉली संग्रहाच्या निमित्ताने हत्यारे आणि सुऱ्या घडवण्याची साधनेही पाहता येतात. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी यांपैकी जवळचे ठिकाण आधी पाहावे आणि मगच एखादी जुनी सुरी विकत घेण्याचा विचार करावा.

सहावी पायरी : विकत घेण्याआधी कायदा

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नये. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील २०१६ चे नियम लागू आहेत. पाते ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल आणि ते घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले नसेल, तर ते शस्त्रांच्या वर्गवारीत येते, आणि ज्या भागासाठी सरकारने अधिसूचना काढली आहे तिथे परवाना लागतो. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी जे मनाई आदेश निघतात, त्यांत सुरे बाळगण्यावरही बंदी असते. म्हणून सहा ते आठ इंच पात्याची सुरी निवडावी, आपल्या भागातील स्थिती पोलीस ठाण्यात विचारून घ्यावी, खरेदीची पावती ठेवावी आणि सुरी कमरेला लावून गावात फिरू नये. विमानप्रवासात ती हातातल्या सामानात नेता येत नाही.

मुठीच्या बाबतीतही सावध राहावे. हस्तिदंत तर नकोच, पण सांबर-चितळाच्या शिंगाची मूठ दिसली तरी भारतात ती घेऊ नये, कारण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे त्या शिंगांचा व्यापार निषिद्ध आहे. शिसव, बाभूळ किंवा मायकार्टा हे राळेत भिजवलेल्या कापडाचे साहित्य मुठीला उत्तम चालते.

परदेशांत नियम वेगळे आहेत. टेक्सासने १ सप्टेंबर २०१७ पासून बोवी सुरी बाळगण्यावरील जुनी बंदी उठवली. मात्र साडेपाच इंचांपेक्षा लांब पाते शाळा, न्यायालय, मतदान केंद्र अशा ठिकाणी नेता येत नाही. कॅलिफोर्नियात न मिटणारी सुरी लपवून बाळगणे गुन्हा आहे. ती म्यानात, कमरेला, उघड दिसेल अशी असावी लागते. इंग्लंडमध्ये सयुक्तिक कारणाशिवाय अशी सुरी सार्वजनिक ठिकाणी बाळगताच येत नाही.

सातवी पायरी : कामाची सुरी निवडणे

विसाव्या शतकात बोवीचा आकार सैनिकी सुऱ्यांत टिकला. अमेरिकी मरीन दलाने १९४२ मध्ये स्वीकारलेली सात इंच पात्याची केए-बार ही तिची सर्वांत परिचित वारस. हाताने घडवण्याच्या कलेला मात्र नवे जीवन दिले ते १९७६ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीने. तिच्या परीक्षेत उमेदवाराने घडवलेल्या एकाच सुरीने लोंबता दोर एका वारात कापायचा, लाकडाच्या फळ्या तोडायच्या, त्यानंतर त्याच धारेने हातावरचे केस उतरवायचे, आणि अखेर पाते शिकंज्यात धरून नव्वद अंशांपर्यंत वाकवायचे असते. ते तुटता कामा नये. सुरीकडून काय अपेक्षा करावी, याचे याहून स्पष्ट माप मला दुसरे माहीत नाही: धार कडक हवी आणि पाठ चिवट हवी.

हे कसे साधते, ते समजून घेणे निवडीसाठी उपयोगाचे आहे. पोलाद लालबुंद तापवून तेलात बुडवले, म्हणजे पाणी दिले, की ते कडक पण ठिसूळ होते. मग दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास पुन्हा मंद तापवून थोडा कडकपणा उतरवला की चिवटपणा येतो. कुशल कारागीर पाठ अधिक तापवून धारेपेक्षा मऊ ठेवतात. ५१६० हे सुमारे ०.६० टक्के कार्बनचे, थोडे क्रोमियम असलेले स्प्रिंगचे पोलाद मार सोसण्यात उत्कृष्ट आहे; आपल्याकडचे लोहार ट्रकच्या पाट्यापासून कोयते घडवतात ते याच जातीचे. १०९५ या पोलादात कार्बन सुमारे ०.९५ टक्के असल्याने धार अधिक तीक्ष्ण राहते, पण गंज लवकर चढतो. भारतात डेहराडूनच्या विंडलास स्टीलक्राफ्ट्ससारखे कारखाने बोवीच्या प्रतिकृती बनवून निर्यात करतात. अशी सुरी घेताना ती भिंतीवर टांगण्यासाठी आहे की कामासाठी, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. अनेक थरांच्या लहरी दिसणारे ‘दमास्कस’ पाते केवळ नक्षीवर भाळून घेऊ नये. पोलादाची नावे आणि पाणी देण्याची पद्धत सांगता येत नसेल, तर ते शोभेचेच समजावे.

हातात घेऊन तीन गोष्टी तपासाव्यात. एक म्हणजे तोल: सुरी परजेच्या थोडे पुढे बोटावर समतोल राहावी. दुसरी म्हणजे टँग: तो मुठीच्या पूर्ण लांबीचा असावा आणि परजेजवळ त्याचे कोपरे काटकोनात न कापता गोलसर ठेवलेले असावेत, कारण बहुतेक पाती तिथेच तुटतात. तिसरी म्हणजे मूठ: घट्ट धरल्यावर हातात फिरू नये, म्हणून तिचा छेद गोल न असता अंडाकृती असावा.

आठवी पायरी : वापर

या सुरीने माणसांशी कसे लढावे, हे येथे शिकवलेले नाही आणि शिकण्याची गरजही नाही. तिचे आजचे काम मुक्कामावरचे आहे. भारतात शिकारीला बंदी असल्याने कातडे उतरवण्याचे तिचे जुने काम येथे उद्भवत नाही. लाकूड तोडणे, ढलप्या काढणे, दोर कापणे, मांस-भाजी चिरणे एवढी कामे उरतात आणि तेवढी पुष्कळ आहेत.

काम सुरू करण्यापूर्वी सुरी धरलेला हात चारही बाजूंनी लांब करून फिरवावा. त्या वर्तुळात कोणी नसेल तरच सुरी बाहेर काढावी. म्यानातून काढताना आणि आत घालताना म्यान पाठीच्या बाजूने धरावे, धारेच्या बाजूला बोटे ठेवू नयेत, कारण जुन्या म्यानाची शिवण उसवलेली असली तर धार तिच्यातून सरळ बाहेर येते. मांडीवर ठेवून काहीही कापू नये. मांडीच्या आतल्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीला जखम झाली तर मदत पोहोचेपर्यंत वेळ राहत नाही. दुसऱ्याला सुरी द्यायची असेल तर म्यानासह द्यावी.

फांदी तोडताना ती जमिनीवर आडव्या ओंडक्यावर टेकवावी आणि सुमारे पंचेचाळीस अंशांच्या कोनात, एकदा डावीकडून व एकदा उजवीकडून असे वार करावेत, म्हणजे खाच इंग्रजी ‘व्ही’सारखी होत जाते. सरळ काटकोनातला वार रुततो आणि पाते अडकते. कोयत्याचे वजन टोकाकडे असते, म्हणून तो आपल्या भाराने काम करतो. बोवीचे वजन हाताजवळ असल्यामुळे मनगटाला थोडी अधिक झटक द्यावी लागते आणि मनगटाहून जाड लाकूड तिने तोडायचा हट्ट धरू नये. दमल्यावर थांबावे, पकड सैल झालेल्या हातूनच अपघात होतात.

लाकूड उभे फाडायचे असल्यास गाठ नसलेला तुकडा निवडावा, पाते मध्यावर ठेवावे आणि पाठीवर लाकडी दांडक्याने ठोकावे. हातोडी किंवा दगड वापरू नये. खोट्या धारेला खरी धार लावलेली असेल तर क्लिपच्या भागावर ठोकणे टाळावे. त्यात दांडके कापले जाते आणि टोकावर आडवा ताण येतो. क्लिपमुळे टोक अणकुचीदार होते, म्हणून भोक पाडायला ते चांगले. पण त्याच कारणाने तिथे पोलाद कमी असते, आणि टोकाने उचकटले की ते मोडते. बारीक कामाला पुढचे बोट रिकासोवर आणून पकड पुढे घ्यावी. परज फार मोठी असेल तर या पकडीत ती आड येते, आणि म्हणूनच कामाच्या सुरीला लहान परज बरी.

नववी पायरी : धार आणि निगा

धार लावताना दोन्ही बाजूंना साधारण वीस अंशांचा कोन धरावा; लाकूडतोड अधिक असेल तर पंचवीसच्या जवळ जावे. धार बोथट झाली असेल तर चारशे ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या खरखरीतपणाचे माप; आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) दगडापासून सुरुवात करून हजारवर यावे, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर धारेच्या उलट दिशेने ओढून परजावे. एका बाजूवर घासताना दुसऱ्या बाजूला पोलादाची बारीक किनार चढलेली बोटाला जाणवेपर्यंत बाजू बदलू नये. ही एक गोष्ट पाळली तर बाकीचे आपोआप जमते. पात्याच्या पोटावर, म्हणजे धार टोकाकडे वळत जाते तिथे, मूठ थोडी उचलत न्यावी, नाहीतर टोकाजवळचा भाग बोथट राहतो. विजेवर फिरणाऱ्या कोरड्या चाकावर धार लावून घेऊ नये. पाते निळसर पडले की तिथले पाणी उतरले असे समजावे आणि तेवढा भाग पुन्हा पाणी दिल्याशिवाय नीट धार धरत नाही.

काम झाल्यावर पाते पुसून कोरडे करावे आणि मिनरल ऑइलचा पातळ हात द्यावा. हे तेल अन्नाला लागले तरी अपाय करत नाही. कांदा, लिंबू किंवा मांस कापल्यावर कार्बन पोलादावर येणारा करडा-निळा रंग हा गंज नव्हे. तो घासून काढू नये, कारण तो थर गंजाला काही प्रमाणात अडवतो. लालसर डाग मात्र लगेच तेल आणि मऊ कापडाने काढावा. सुरी दीर्घकाळ चामड्याच्या म्यानात ठेवू नये, कारण चामडे ओलावा धरून ठेवते आणि कमावण्यासाठी वापरलेल्या द्रव्यांमुळे पाते व पितळ दोन्ही खराब होतात. पाते तेल लावलेल्या कागदात गुंडाळून म्यान शेजारी वेगळे ठेवावे. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात दर पंधरवड्याला सुरी बाहेर काढून पाहावी, आणि त्या वेळी परज व पाते यांच्या सांध्यात कापसाच्या बोळ्याने तेलाचा एक थेंब सोडावा, कारण गंजाची सुरुवात बहुतेकदा याच फटीतून होते.